घोंगडीवरून खाली

माझं बूड एका जागी टिकत नाही, असं माय लहानपणापासून म्हणत आली. पण त्या रविवारी मी जितक्या वेळा जिना वर-खाली केला, तितक्या वेळा जन्मात केला नसेल. सीमेवरच्या मन्नाएखेळ्ळी गावात, हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशिनी, एक इन्व्हर्टर, आणि पुण्याला नाहीतर हैदराबादला पळायच्या घाईत असलेली गावोगावची पोरं. त्या दिवशी तिथं मेळावा होता. बंगळूर, हैदराबाद, उदगीरहून माणसं आली होती. व्याख्याता कुणी नाही. गोल बसायचं आणि ज्याला जे येतं ते त्यानं मांडायचं. विषय होता मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं असं. त्याच्या मदतीनं गावच्या माणसानं रेशनची, रस्त्याची माहिती स्वतः कशी मिळवायची, हेही शिकायचं होतं.

मला मात्र त्यातून एकच गोष्ट हवी होती. या लोकांना सीमेवरच्या तालुक्यांसाठी एक केंद्र काढायचं होतं, आणि ते माझ्या क्लासात यावं म्हणून मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं. अट एवढीच की, सगळ्या मशिनींवर मुक्त सॉफ्टवेअर हवं, चोरीची सीडी नको. फोनवर मी सांगून बसले होते की सगळ्या बदलल्या. बदलली होती फक्त दाराजवळची. बाकी पाचांवर बाजारातून आणलेली नकली सीडीच नांदत होती. पोरं म्हणायची, "मॅडम, पुण्यात हेच येतंय का म्हणून इचारायलेत. दुसरं शिकून काय करावं?" मला ते पटायचं. शिवाय आळस होताच.

सकाळीच लाईट गेली आणि मी देवाचे आभार मानले. इन्व्हर्टरवर दाराजवळची मशीन तेवढी चालू केली, बाकीच्यांवर कापडी झाकणं तशीच ठेवली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. खालच्या हॉटेलातला टेप वाजायला लागला की लाईट आली समजायचं, त्यामुळे लोक काय बोलतायत यापेक्षा माझे कान त्या हॉटेलाकडे. मधेच उठून जिन्यातून डोकावून यायचे.

माणसं वाढली, सतरंज्या कमी पडल्या. माय आमच्या कोहिनूर गावाहून भाकरी करायला आली होती. तिनं स्वतःची घोंगडी उलगडून मधोमध अंथरली. आम्ही मुळातले मेंढरांमागे फिरणारे. मेंढरं आजोबांबरोबर गेली, आता शेती आणि मजुरी. पण घोंगडीचा नेम घरात राहिला होता: घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही. तंटा मिटवायचा असला की जाणती माणसं आधी घोंगडी अंथरत आणि मग विचारत. लहानपणी गूळ कमी झाला की माय मला हाताला धरून घोंगडीवर बसवायची. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ती टोचत होती एवढंच.

मी घोंगडीच्या काठावर बसले होते. आपापल्या गावाचं सांगत एकेक जण पुढे सरकत होता. निंबर्ग्याची एक शेतकरीण म्हणाली, "रेशनची यादी कॉम्प्युटरात हाय म्हणायलेत. मंग मला दावायला कामून भ्यायलेत?" दिवसभरातलं सगळ्यात खरं बोलणं ते होतं, आणि मी मात्र माझा नंबर यायला किती माणसं उरली ते मोजत होते.

पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. परत आले ती घोंगडी सोडून फरशीवर टेकले. बंगळूरच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, अक्का, तुमच्याकडं कसं आहे? मी सांगितलं, सहाच्या सहा मशिनी बदलल्यात. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला अजून लाज वाटते.

माय भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती. मशिनीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. घोंगडीच्या आणि माझ्या मधल्या वीतभर फरशीकडं पाहिलं, टोपली ठेवली आणि गेली.

केंद्र मला मिळालं. पाहुण्यांची जीप निघाली आणि खाली टेप वाजायला लागला. माय घोंगडी झटकत होती.

"खाली कामून सरकलीस?"

"उकडायलं होतं, माय. फरशी गार होती."

तिनं घोंगडीची घडी केली, काखेत मारली आणि बसस्टँडची वाट धरली.

आठ दिवसांत मी पाचही मशिनी बदलल्या. जाताना पाहुणे सीडी देऊन गेले होते, हव्या तितक्या नकला करा म्हणून. जे नुसतं मागितलं असतं तरी त्यांनी हसत दिलं असतं, त्यासाठी मी खोटं बोलले होते. केंद्र चाललं. निंबर्ग्याची बाई तिच्या गावची यादी छापून घेऊन गेली. मी स्वतःला समजावत राहिले की बोलले ते आठ दिवसांनी का होईना, खरं झालं. पण क्लासात पाऊल टाकलं की नजर आधी त्या फरशीवर जायची आणि मग कुठल्याच खुर्चीत बसवत नसे.

वर्षानं मेळावा पुन्हा माझ्याकडंच ठरला. घोंगडी घेऊन ये, असा मायला निरोप धाडला. ती आली. तिच्या काखेत बाजारातली कोरी सतरंजी होती, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

"माय, घोंगडी?"

तिनं सतरंजी अंथरली, चारी कोपरे हातानं नीट केले.

"बस," ती म्हणाली. "हिच्यावर काय बी बोलता येतंय."