भाभीचं डोकं दुखत होतं

दर महिन्याला अंगणवाडीत आम्हा पोटुश्या बायांची बैठक भरायची. नर्सताई प्रत्येकीचं बीपी बघायची, मग गोल बसून एकेकीनं आपलं दुखणं सांगायचं. मला पाचवा महिना होता, माझ्या मोठ्या जावेला आठवा. तिला मी भाभी म्हणायचे. बैठकीत मुसलमान आम्ही दोघीच, पण तिथं परकं कधी वाटलं नाही. पोटं सगळ्यांचीच पुढं आलेली.

बीटी बियाणं पेरलं की फवारणी संपली, असं दुकानदार छातीठोकपणे सांगायचे. कसलं काय! बोंडअळी गेली तर बाकीच्या किडी होत्याच, आणि पाठीवरचे पंप सुटत नव्हते. जानेफळकडच्या आमच्या शिवारात सगळीकडे औषधाचा वास आणि घरोघर डोकेदुखी. एका बैठकीच्या दिवशी फवारणीतून विषबाधा झालेले मजूर दवाखान्यात आले, म्हणून नर्सताईला बोलावणं आलं. कुणाचंच बीपी न बघता, यंत्र घेऊन ती तशीच निघून गेली. आम्ही आपल्या आपल्यात बोलत बसलो.

भाभी म्हणाली, "माहं डोकं लय ठणकून राह्यलं. डोयापुढं चमकते."

"तुह्यं एकटीचंच हाय का वो? फवाऱ्याचं हाय ते," तिसऱ्या खेपेची एक बाई म्हणाली. मग कळलं, डोकं तर प्रत्येकीचंच दुखतंय. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, भाभी चुलीपुढं कोसळली. हातपाय ताठ झाले, झटके येऊ लागले, तोंडाला फेस आला. फेस म्हणजे काय, हे त्या वर्षांत आमच्याकडं लहान पोरंही सांगायची. शेजारीण ओरडली, "औषध पेली वो हे बाई!" झालं. कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी दातांत चमचा घातला. सासू तिचं तोंड हुंगून रडत होती, "वास नाई येत वो, वास नाई येत." पण ऐकतो कोण? ओकारी काढण्याच्या नादात जीप फार उशिरा निघाली.

दवाखान्यातही पहिला प्रश्न तोच. माझ्या जेठाला, म्हणजे भाभीच्या नवऱ्याला, पोलिसानं बाजूला घेतलं आणि घरात भांडण झालं होतं का, असं विचारलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं तेव्हा कळलं, विष कुठंच नव्हतं. गरोदरपणात बीपी चढल्याचे झटके होते ते. मुलगी वाचली. भाभी गेली.

डॉक्टरीणबाईचं बोलणं दवाखान्यातच राहिलं. गावात टिकलं ते शेजारणीचं.

भाभीची मुलगी माझ्याच कुशीत वाढली. चौथीत असताना एकदा शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून समोर उभी राहिली.

"चाची, मी पोटात होती तरी अम्मी औषध काऊन पेली? मी नको होती का तिले?"

तिला जवळ घेऊन मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग समदं गाव खोटं बोलते का?"

"हाव बेटा, समदं गाव."

तिनं मान डोलावली. मला बरं वाटावं म्हणून डोलावली.