अर्धा निळा, अर्धा हिरवा

तो पक्षी मी पहिल्यांदा पाहिला तो बसच्या खिडकीतून. चंद्रपूरला नणंदेकडे जाऊन आम्ही देवळीला परतत होतो. जामच्या चौकात बस थांबली, नवरा चहाला उतरला आणि माझी नजर रस्त्याकडेच्या पक्ष्यांच्या दुकानावर गेली. बाहेर टांगलेल्या पिंजऱ्यात एक लव्हबर्ड होता. छातीच्या मधोमध सरळ रेघ, रेघेच्या एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला निळा. मी पिशवी सीटवर टाकून खाली उतरले.

दुकानदार ओळखीचा होता. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला वहिनी.

"पाहा वहिनी, नवी जात आहे. दोरंगी," तो म्हणाला. "हैदराबादहून आली. याचे पिल्लं निघाले का अख्ख्या जिल्ह्यात कोणापाशी नसन असा माल."

"जोडी आहे?"

"सध्या नर एकलाच आहे. मादी कोणतीही चालते म्हणे."

कंडक्टरने घंटी मारली. तो पक्षी डोळ्यांपुढून हलेना, वर्ध्यापर्यंत मी नवऱ्याशी धड बोलले नाही.

लग्न होऊन देवळीला आले तेव्हा आमच्या घरी कापडाचं दुकान होतं आणि मला दुपारी काही काम नसायचं. पंच्याण्णवच्या सुमारास नवऱ्याने वर्ध्याहून एक हिरवी जोडी आणून दिली. दोघांची चाळीस व्हायला फार वर्षं लागली नाहीत. गच्चीवर जाळी लावली, भिंतीला भोक पाडलेली मडकी टांगली, राळा आणि बाजरी पोत्याने येऊ लागली. हिरव्यातून निळं कसं निघतं, पिवळं कशातून येतं, हे मी पिल्लं काढून काढून शिकले. पवनारला एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या अंगणात रविवारी आम्ही पाच-सहा पक्षीवाले जमायचो. बाई मी एकटीच.

त्या वर्षांत नव्या रंगांचं पेवच फुटलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवं नाव घेऊन यायचं. जर्मन, स्पेशल, डबल स्पेशल. नीट पाहिलं की पक्षी जुनाच असायचा. सरांनी एकदा नागपूरहून केशरी जोडी आणली होती, कौतुकाने सगळ्यांना बोलावलं होतं. पक्ष्यांनी कुंड्यात आंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत दोघं पांढरे झाले. तेव्हापासून सर कुठल्याही नव्या रंगावर विश्वास ठेवत नसत.

म्हणून भाऊ त्या दोरंगी पक्ष्याला घेऊन पवनारला आला, तेव्हा काय होणार हे मला दिसतच होतं. सरांनी पक्षी हातात घेतला, कापूस ओला करून छातीवर घासला. कापूस पांढराच राहिला.

"पक्का रंग असन," सर म्हणाले.

"सर, रंग असता तं हातले लागला असता ना!"

"निसर्ग काय पट्टी ठेवून रेघ मारते का? एवढी सरळ? मले नको शिकवू."

"मी फसवून राह्यलो का तुमाले?" भाऊचा चेहरा लाल झाला. "तसं बोला ना मंग सरळ."

बाकीचे खाली पाहत होते. त्यांच्यातल्या चौघांना भाऊने पिल्लं द्यायचा शब्द देऊन ठेवला होता. मला तिथे बसवेना. दोघांचं म्हणणं मला अर्धं-अर्धं पटत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

"पक्षी माझ्याकडे ठेवा," मी म्हणाले. "पिसं झडतील, नवी येतील, तेव्हा रंग आहे की नाही ते कळेल. मग जोडी लावू. पिल्लं काय ते सांगतीलच."

दोघंही लगेच तयार झाले. आपणच जिंकणार, याची दोघांना खात्री होती.

पक्षी गच्चीवर आला आणि माझी झोप उडाली. मी सकाळी चहाच्या आधी वर, दुपारी वर, कणकेचे हात तसेच घेऊन वर. नवरा म्हणायचा, "एका पाखरासाठी तू काऊन एवढी बेचैन होऊन राह्यली?" पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं प्रत्येक पीस मी उचलून उजेडात धरायची. पावसाळा सरता सरता पिसं झडली. निळ्या बाजूला नव्या पिसांच्या बारीक काड्या फुटल्या. रोज मी त्या काड्यांची टोकं पाहायची. एका सकाळी टोकं उघडली. आत निळं होतं. हिरव्या बाजूच्या काड्यांतून हिरवंच आलं, आणि रेघ जिथे होती तिथेच राहिली.

मी आमच्या दुकानातल्या फोनवरून आधी सरांना सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "पिल्लं निघू दे."

भाऊला सांगितलं तर तो फोनवरच ओरडला, "मी म्हणलं नोतं का!"

थंडी लागली तशी मी त्याला चांगली हिरवी मादी दिली. तिने मडक्यात अंडी घातली. पिल्लं निघाली, उघडी, गुलाबी, सगळी सारखी. रंग कळायला पिसं फुटावी लागतात आणि ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वरणाला फोडणी द्यायची आठवण राहायची नाही. मडक्यात बोट घालून पिल्लांना चाचपायची, मादी चिडून चोच मारायची. पिसं फुटली. सगळी हिरवी निघाली.

भाऊ देवळीला येऊन पाहून गेला. "पयल्या खेपेले असंच होते," तो म्हणाला. "आता निळी मादी द्या."

निळी दिली. या खेपेला काही पिल्लं हिरवी, काही निळी. भाऊ हरखला. "पाहा, निळं आलं!" पण निळं पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत निळंच होतं. हिरव्याच्या पोटात निळं लपलेलं असलं की अशी पिल्लं माझ्याकडे नेहमीच निघायची. मी तसं म्हटलं. त्याने ऐकलं, पण त्याचे डोळे पिंजऱ्यातल्या बापावर होते.

पुढच्या थंडीत सरांच्या सांगण्यावरून मी त्या पक्ष्याला त्याचीच लेक जोडीला दिली. लपलेलं काही असेल तर असं बाहेर पडतं, असं सर म्हणायचे. पुन्हा हिरवी, दोन निळी. फाल्गुनात ऊन चढलं, उन्हाळ्यात अंडी घालू नयेत म्हणून मी मडकी उतरवली आणि गच्चीला ओली पोती बांधली. आता हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी सारखी वर जायची.

पक्षी भाऊचा होता, म्हणून ठरल्याप्रमाणे अर्धी पिल्लं मी त्याच्याकडे पाठवत होते. त्या उन्हाळ्यात पुन्हा चंद्रपूरला जायचं निघालं आणि जामला बस थांबली. मी दुकानापाशी गेले. माझ्याकडची हिरवी पिल्लं वेगळ्या पिंजऱ्यात होती आणि एक गिऱ्हाईक, हिंगणघाटचा कोणी शेतकरी, सोबत आलेल्या लेकीसाठी जोडी निवडत होता.

"अर्ध्या रक्ताचे आहेत," भाऊ त्याला सांगत होता. "बाप दोरंगी. यायच्यातून निघन दोरंगी." मला पाहून तो म्हणाला, "या वहिनीच्याच घरचे आहेत. विचारा पायजे तं."

त्या माणसाने मला विचारलं, "निघन काय हो बाई?"

भाऊ माझ्याकडे पाहत होता. बसचा ड्रायव्हर चढला होता.

"यांचा बाप खराच दोरंगी आहे," मी म्हणाले. "पण मी तीनदा पिल्लं काढली. तसं एकही निघालं नाही. पुढे निघेल असं मला वाटत नाही. पक्षी निरोगी आहेत, हिरवे म्हणून न्या."

शेतकऱ्याने लेकीकडे पाहिलं आणि हिरवे म्हणूनच नेले. मी बसमध्ये चढले, आणि मागे पाहायची हिंमत झाली नाही.

मग भाऊ पवनारला येईनासा झाला. मी नवऱ्याला दहादा विचारलं, गिऱ्हाईकासमोर बोलायला नको होतं का? "खरं तेच तं बोलली," तो म्हणायचा. ते मलाही माहीत होतं. त्याने माझं समाधान होत नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी भाऊ आमच्या कापडाच्या दुकानात येऊन उभा राहिला. मला वाटलं, पक्षी न्यायला आला. त्याला वर नेलं. तो पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला.

"मले खरंच वाटलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "नवी जात आहे असं मले कोणी सांगतलं नोतं. हैदराबादहून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आणून देला. नाव मीच ठेवलं. इतका सुंदर पक्षी, अन् त्याच्यासारखा दुसरा नसन, हे मनच मानून नाई राह्यलं."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हणाले. "नाहीतर दोन थंड्या कशाला घालवल्या असत्या?"

ज्यांना शब्द दिला होता त्या चौघांच्या घरी, दोरंगी पिल्लं मिळणार नाहीत हे सांगायला, तो स्वतः जाऊन आला होता. पक्षी तुमच्यापाशीच राहू द्या, म्हणाला. आता तो विकायचा नव्हता.

पुढच्या रविवारी सर पवनारहून बसने देवळीला आले, पहिल्यांदाच. गच्चीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले. बराच वेळ पक्ष्याला पाहत राहिले.

"रंग नाई हा. माहं चुकलं," ते म्हणाले. "पण जात बी नाई."

"मग काय आहे, सर?"

"काय माहीत बाई. झाला असा. एकदाच झाला."

हे उत्तर मला पुरलं नाही, आजही पुरत नाही. पण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

भाऊने हळूहळू पक्षी विकणं बंद केलं, मोबाइलची कव्हरं आणि गॉगल ठेवायला लागला. जामला बस थांबली की तो खिडकीशी येऊन विचारायचा, "कसा आहे तो?" मी म्हणायची, "मजेत आहे." एका वर्षी मला सांगावं लागलं की थंडीत गेला, दुखणं वगैरे काही नाही, सकाळी पाहिलं तर खाली पडलेला. भाऊ टपरीवर गेला आणि चहा घेऊन आला. बस हलायला लागली होती. मी तो गरम चहा तसाच घशाखाली ओतला आणि कप खिडकीतून त्याच्या हातात दिला.