घोळीच्या डोक्यातले दगड

माझ्या सासूबाई म्हणजे पुतळाबाई, राहणार अर्नाळा कोळीवाडा. वय सत्तरच्या पुढे, उंची चार फूट नऊ इंच, आणि आवाज असा की ओट्यावरून हाक मारली तर नांगरलेल्या बोटीवरचा माणूस मागे वळून बघतो. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर बसलो की वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखं वाटतं. दोष त्यांचा नाही. दोष माशाच्या डोक्याचा आहे.

सांगतो. मी मूळचा कराडकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतला, तोही वर्षातून दोनदा, काट्यांना घाबरत खाल्लेला. नोकरीपायी नालासोपाऱ्यात आलो, पश्चिमेला वन रूम किचन घेतलं, ऑफिसात यशोदा भेटली, आणि मी प्रल्हाद अर्नाळ्याच्या कोळ्यांचा जावई झालो. पण त्या घरात जावयाचा मान म्हणजे घोळीचं डोकं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. यशोदानेसुद्धा नाही!

घोळ हा मोठा मासा. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की वर्षातली पहिली घोळ घरी येते, तिचं अख्खं डोकं कालवणात शिजतं आणि जावयाच्या ताटात पडतं. बाकीची मंडळी मजेत तुकड्या खातात. तुम्ही बसा डोक्यासमोर. ते तुमच्याकडे बघतंय, तुम्ही त्याच्याकडे. पहिल्याच वर्षी मी धीर करून म्हणालो, "आई, मी श्रावण पाळतो."

"पाळा की," सासूबाई म्हणाल्या. "समिंदर कुठं पाळतो? खा गुमान."

बरं, खाऊन सुटका नाही. घोळीच्या डोक्यात आत दोन पांढरे दगड असतात. जावयाने डोकं चोखून संपवायचं आणि ते दगड सासूच्या तळहातावर ठेवायचे. तेव्हा कुठे मान पोचला म्हणायचं. सासूबाई ते धुतात, भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडतात, त्यात दगडांची पुडी करून वर दोरा गुंडाळतात आणि पुडी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. त्यांच्या लग्नापासून एक वर्ष चुकलेलं नाही. माझ्याआधी हा मान त्यांच्या नणंदेच्या नवऱ्याकडे होता. तो बिचारा गेला. कशाने गेला ते मी कधी विचारलं नाही.

डब्यातली सगळ्यात जुनी पुडी सासूबाईंच्या लग्नाच्या वर्षाची. त्या वर्षी माझे सासरे, कैलासवासी हिरामण, यांनी म्हणे एक घोळ आणली. "माझ्या खांद्यापरेंत येत व्हती," सासूबाई स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवतात. "दोघांनी बांबूवर घेतली तरी शेपूट रेतीत घासत व्हतं." ही गोष्ट मी लग्नात ऐकली, बारशात ऐकली, एकदा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो असताना ऐकली. मी मनातल्या मनात म्हणायचो, काय थापा मारतेय ही बाई. माझा मेहुणा दीपेश तेच तोंडावर म्हणायचा.

दीपेश आता बोट चालवतो, आणि मायलेकांचं भांडण काय ते याच गोष्टीवरून. त्याची जाळी बारीक आसाची. भोकं एवढी लहान की करंगळी जाणार नाही, त्यामुळे पिल्लंसुद्धा अडकतात. सासूबाईंचं म्हणणं, "पिल्लं उचलतंस, मंग मोठी मासळी कुठून येल? आभाळातून?" दीपेशचं म्हणणं, मासळी कमी झालेलीच नाही, ती खोल पाण्यात गेलीय, आणि आईच्या त्या खांद्याएवढ्या घोळी फक्त आईच्या तोंडात होत्या. एकदा तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "एक तरी घोळ तेवढी मोठी व्हती हे दाखव. त्याच दिवशी जाळं बदलतो." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांना दाखवायला होतं काय? सासरे गेले, मासा खाऊन पन्नास वर्षं झाली.

अशात ज्ञानदा आली. ही मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली मुलगी, महिन्यातून तीनदा बंदरावर यायची, फळीवर मासे आडवे ठेवून त्यांची लांबी वहीत लिहायची. कोळणी तिला मोजणीबाय म्हणायच्या. सुरुवातीला सासूबाईंनी तिला टोपलीला हात लावू दिला नाही. "बोहनीआधी मोजायची नाय मासळी," म्हणून दटावलं. नंतर कधी दोघींची गट्टी जमली कळलं नाही, पण एका रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो तर ज्ञानदा ओट्यावर बसून चहात खारी बुडवत होती आणि तिच्या मांडीवर तो पत्र्याचा डबा होता.

"काका, हा खजिना आहे," ती मला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "या दगडांना आत वलयं असतात, वर्षाला एक. त्यावरून माशाचं वय कळतं. दगडाच्या मापावरून मासा किती लांब होता तेही कळतं. आणि इथे तर प्रत्येक पुडीवर तारीख आहे! पन्नास वर्षांपूर्वी इथे कसले मासे होते हे सांगणारं कुणाकडे काही नसतं हो. मी हा डबा महिनाभर नेते."

सासूबाईंनी दीपेशकडे असं बघितलं की तो चप्पल शोधायला लागला. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्या डब्यात माझं पाप होतं. मधली पाच वर्षं मी डोकं खाल्लंच नव्हतं. ऑफिसला सुट्टी नाही, असं सांगून मी अर्नाळ्याला जाणं टाळलं, तर सासूबाईंनी डोकं जेवणाच्या डब्यात घालून नालासोपाऱ्याला धाडलं. यशोदा त्या दिवशी कामावर. मी ते डोकं नळाखाली धुतलं आणि सोसायटीच्या मांजराला घातलं. मांजराने ते दगडांसकट पळवलं. मागे धावलो, दोन बिल्डिंगा पालथ्या घातल्या, वॉचमनने विचारलं काय हरवलं, काय सांगणार कपाळ? शेवटी बाजारातून अर्धा किलो ढोमे आणले. ढोमा हा टीचभर मासा, पण त्याच्याही डोक्यात असे बारके दगड असतात. त्यातले दोन काढले, पुसले आणि रविवारी सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. त्यांनी नुसती मान डोलावली. मग काय, पुढची चार वर्षंही तेच. त्यानंतर मी पुन्हा प्रामाणिक झालो, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही. डोकीच एवढी लहान यायला लागली की दोन घासांत संपायची. मांजराला देण्याइतकं त्यात काही उरलं नव्हतं.

महिन्याने ज्ञानदा परत आली. ओट्यावर आम्ही सगळे, शिवाय शेजारपाजारच्या चार बायका, आणि खांबाला टेकून हाताची घडी घातलेला दीपेश. सासूबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. कानात कुड्यासुद्धा.

ज्ञानदाने लग्नाच्या वर्षाची पुडी उघडली. आतले दगड सोललेल्या बदामाएवढे. "आजी, तुम्ही म्हणाला होतात, मासा तुमच्या खांद्याएवढा होता. मी मापं घेतली. तेवढा नव्हता तो."

दीपेश हसला. "बोललो व्हतो ना?"

"खांद्याएवढा नव्हता," ज्ञानदा म्हणाली. "आजींच्या डोक्याएवढा होता. आजी अख्ख्या जेवढ्या, तेवढा."

 दीपेशने हळूच विचारलं, "मंग आई, तू खांद्यापरेंतच का सांगायचीस?"

"खांद्यापरेंत सांगितलं तरी थापाडी बोलता," सासूबाई कडाडल्या. "खरं सांगितलं असतं तर येड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं मना!"

बायका हसून लोळल्या. मीही हसलो, पण अर्धवटच. कारण ज्ञानदाने आता पाच पुड्या वेगळ्या काढल्या होत्या.

"एवढीच एक अडचण आहे, आजी. हे दगड घोळीचे नाहीत. ढोम्याचे आहेत. तुम्ही तर म्हणालात, दरवर्षी घोळच."

मला वाटलं, आता सासूबाई गरजणार. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. लुगड्याच्या काठाशी बोटांनी चाळा करत खाली बघत राहिल्या. तेवीस वर्षांत या बाईला मी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पाच पुड्यांचा खुलासा झाला नाही तर बाकीच्यांवरही विश्वास ठेवता येणार नाही," ज्ञानदा चाचरत म्हणाली. "आमच्या मॅडम म्हणतील, डबा बाजूला ठेवा. पहिली पुडीसुद्धा."

"आलं ध्यानात?" दीपेश खांब सोडून उभा राहिला. "आई काय पन सांगते न तुमी लिहून घेता. माझं जाळं हाय तेच बरं हाय."

आणि तरीही सासूबाई गप्प! मग मला राहवेना. मी उठलो. 

"ते ढोमे माझे आहेत," मी म्हणालो. "आईंनी पाठवलेली डोकी मी खाल्ली नाहीत. मांजराला घातली. दगड बाजारातून आणलेल्या ढोम्यांचे."

ओट्यावर जो गलका झाला तो काय सांगू! एक बाई म्हणाली, "अगो बाय, घोळीचं डोकं मांजराला?" दुसरीने कपाळाला हात लावला. यशोदाने माझ्याकडे बघितलं, आणि परतीची रिक्षा वेगळी करावी लागणार हे मला कळलं. ज्ञानदा मात्र भराभरा वहीत लिहीत होती.

"मना ठावं व्हतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"काय?"

"जनम गेला माझा मासलीत. घोळीचा दगड न ढोम्याचा दगड मना वळखायला येनार नाय? पहिल्याच वर्साला वळखला. बघ गो बाय, त्या पुड्यांना दोरा कंचा हाय."

ज्ञानदाने पुड्या उलटसुलट केल्या. पाचही पुड्यांना काळा दोरा होता. बाकी साऱ्या पुड्यांना पांढरा.

"मग मघाशी बोलला का नाहीत, आई?" मी विचारलं. "डबा जात होता ना!"

"जावय हाव तुमी आमचे. चार बायांत तुमची अब्रू काढू?" त्या म्हणाल्या. "मना काय, थापाडी ऐकायची सवय हाय."

मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तेवीस वर्षं मी हिला थापाडी समजत होतो, आणि ही माझी थाप पदराखाली झाकून बसली होती. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मग त्याच हाताने टपली मारली. "पन मांजराला, मेल्या? शेजाऱ्याला तरी द्यायचंत!"

ज्ञानदाने परात मागितली. माझ्या पाच जोड्या परातीच्या कडेला सारल्या आणि उरलेले दगड वर्षाप्रमाणे ओळीत मांडले. बदामाएवढे, मग चिंचोक्याएवढे, मग शेंगदाण्याएवढे, मग त्याहून बारीक. डबा आता खरा ठरला होता. दीपेश न राहवून पुढे आला आणि उकिडवा बसला. ओळीच्या शेवटी बोट ठेवून म्हणाला, "हे भावोजींचे ढोम्याचे ऱ्हायले इथं. हे पन काढ की."

"ते मी काढलेत, दादा," ज्ञानदा म्हणाली. "हे गेल्या तीन वर्षांतले. घोळीचेच आहेत. तुम्ही आणलेल्या."

दीपेशने माझा एक दगड उचलला, स्वतःचा एक उचलला. दोन्ही तळहातावर ठेवून बराच वेळ बघत बसला. मीही बघितले. जन्मभर मासळीत राहिलेल्या माणसाला आपला मासा आणि माझी लबाडी यांत फरक सांगता येईना.

"यातली एकही घोळ वर्षाची नव्हती," ज्ञानदा हलक्या आवाजात म्हणाली. "एकदाही अंडी न घालता गेल्या."

दीपेशने दोन्ही दगड परातीत परत ठेवले. सासूबाईंना आता बोलायचा पूर्ण हक्क होता, पण त्यांनी उठून त्याला पाणी दिलं.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर आम्ही जेवायला गेलो. ओट्यावर दीपेशचं नवं जाळं पसरलेलं, त्यातून माझी तीन बोटं आरपार जात होती. कर्जाचे हप्ते, बाकीच्या बोटी पिल्लं उचलतातच, मी एकट्याने सोडून काय होणार, अशी कुरकुर त्याने जेवताना केली. पण केली ती जाळं बदलल्यावर. माझ्या ताटात बोंबलाचं कालवण होतं. डोकं नव्हतं. आणि खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

"घोळ नाही मिळाली का रे?" मी विचारलं.

"मिळाली. हाताएवढी व्हती, फडफडत व्हती," दीपेश ताटात बघत म्हणाला. "सोडली."

सासूबाई उठल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडलं, नुसतंच दुमडलं, त्याला पांढरा दोरा गुंडाळला आणि डब्यात टाकलं.

"आई, रिकामी पुडी कशाला?" मी म्हणालो.

"रिकामी कुठं? तिचा दगड अजून दर्यात वाढतोय," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण दाबून माझ्याकडे वळल्या. "तुमी दात संभाळून ऱ्हावा, जावय. मोठी झाली का डोकं तुमचंच हाय."