चेटकिणीचा फाटलेला कोपरा

डिंकमावशींनी तीस वर्षांत हजारो पुस्तकं दुरुस्त केली पण वाचलं एकही नाही, आणि याचं त्यांना तसूभरही वाईट वाटायचं नाही. वाचनालयाच्या तळघरातली एक खोली, एक टेबल, खळीचं भांडं, दोन ब्रश आणि लोखंडी दाबयंत्र, एवढंच त्यांचं राज्य. कुणी विचारलं, "मावशी, हे पुस्तक कसंय हो?" तर म्हणायच्या, "पाठ मोडलीय, पण जगेल." एकदा एका पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांच्या कोपराला चिकटून थेट घरी गेलं, तर नवऱ्याने दारातच विचारलं, "आज पाहुणे कोण?" तेव्हापासून डिंकमावशी. खरं नाव आता पगारपत्रकातच उरलंय.

आणि मग ती चेटकीण आली.

लहान मुलांचं पुस्तक, मोठ्या पाटाएवढं, चित्रंच चित्रं. चेटकिणीच्या स्वयंपाकघराच्या पानाचा उजवा खालचा कोपरा फाटून गायब झालेला. फाटलेल्या कडेचा रंग जुळवायचा म्हणून मावशींनी भिंग लावलं आणि गेल्या की हो आत! फळीवर चाळीस बरण्या, प्रत्येकीवर मुंगीएवढ्या अक्षरात चिठ्ठी. 'मंगळवारच्या जांभया.' 'अर्धी शिंक.' 'हरवलेल्या मोज्यांचे जोडीदार.' झाडूला वाळत घातलेला छोटा स्वेटर. चुलीखाली मांजर झोपलेलं, आणि त्याच्या शेपटीवर डोकं ठेवून एक उंदीर झोपलेला. मावशी एकट्याच खो खो हसल्या. त्या दिवशी डबा खायचा राहिला. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, आयुष्यातलं पहिलं.

त्यातच ग्रंथपाल मॅडम खाली आल्या. "मावशी, ते रद्दीच्या यादीत आहे हं. अर्धवट पानाचं पुस्तक मुलांना देत नाही आपण. शुक्रवारी गाडी येतेय."

"हे नाही जाणार," मावशी म्हणाल्या. स्वतःच दचकल्या. तीस वर्षांत मॅडमना 'नाही' म्हणायची पहिलीच वेळ.

"मग पान पुरं करून दाखवा. शुक्रवारपर्यंत."

आता आली का पंचाईत! त्या कोपऱ्यात होतं काय? मावशींचा एक नियम होता, जोडायचं, पण आपल्या मनाचं काही घालायचं नाही. म्हणून त्या वर बालविभागात गेल्या आणि मुलांनाच विचारलं. झालं, बाजार भरला.

"वटवाघूळ होतं! उलटं!"

"ए थापाड्या, ते जिन्याच्या पानावर आहे."

"मावशी, तिथे मांजर होतं. शप्पथ!"

"हो हो, मांजरच!"

शेवटी मावशींनी हात वर करायला लावले. मांजराला नऊ, वटवाघळाला दोन, आणि एकाने दोन्हीला हात वर केला म्हणून त्याचं मत बाद. मावशी खूश. खाली येऊन पातळ कागदावर मस्त गुबगुबीत मांजर काढलं, रंगवलं, कडेला लावून पाहिलं. अजून चिकटवलं नव्हतं, तेवढं नशीब.

बुधवारी दुपारी दारात एक चष्मेवाली पोरगी उभी. आठ वर्षांची असेल. आजोबा रोज तिला वाचनालयात सोडून बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे. आई नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली होती, सहा महिने झाले. पोरगी बोलायची कमी, मतदानातही तिचा हात खालीच होता.

"बघ गं, जमलंय का?"

तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "मांजर तर चुलीखाली झोपलंय. एकाच वेळी दोन ठिकाणी कसं असेल?"

मावशींनी कपाळावर हात मारला. भिंग लावून अख्खं घर पाहिलं आणि चुलीखालचं मांजर विसरल्या! "मग काय होतं तिथे?"

"टेबल. त्याच्यावर झाकलेलं ताट. निळं झाकण, त्याची कड जरा उडालीय. आणि बाजूला पेला, अर्धाच भरलेला." ती भडाभडा बोलली आणि एकदम तिने जीभ चावली. चेहरा पार उतरला.

मावशी सगळं समजल्या. झाकणाची उडालेली कड इतकी पाठ कुणाला असते? ज्याच्याजवळ तो कोपरा असतो त्याला. ओरडणं ओठांवर आलेलंच होतं, पुस्तक फाडणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. पण पोरगी चष्म्याच्या काचा पुसायला लागली, आणि काचा कोरड्या होत्या.

"चेटकीण कुणासाठी ताट झाकून ठेवते गं?" मावशींनी हळूच विचारलं.

"कुणीतरी उशिरा येणार असेल. आई पण ठेवायची, आजोबांना उशीर झाला की." मग एकदम बारीक आवाजात, "मावशी, पुस्तक फाडलं तर कार्ड बंद होतं ना?"

मावशी ब्रश धूत राहिल्या, धुतलेलाच ब्रश. "असं बघ, फाटलेले तुकडे कधीकधी कपाटामागे सापडतात. मला सापडलेत बरेचदा. सापडलेल्या तुकड्याला कुणी काही विचारत नाही. फक्त शुक्रवारच्या आत सापडायला हवा, नाहीतर बिचारी चेटकीण रद्दीत."

गुरुवारी चष्मेवाली धावतच आली. "सापडला! कपाटामागे!"

कपाटामागे सापडलेला तुकडा साबणाच्या डबीत होता, कापसावर ठेवलेला.

"कपाटामागे हल्ली कापूस पण मिळतो वाटतं," मावशी म्हणाल्या, आणि पोरगी लाजून हसली. मावशींना तिचे दात पहिल्यांदाच दिसले, समोरचा एक नव्हताच.

दोघींनी मिळून चिकटवला. मावशींनी खळ लावली, चष्मेवालीने श्वास रोखून तुकडा बसवला. ताट जागेवर, पेला जागेवर. दाबयंत्राचं चाक दोघींनी फिरवलं. शुक्रवारी मॅडमनी पान उजेडात धरून बघितलं, जोड सापडेना. "मूळ तुकडा? कुठे मिळाला?"

"कपाटामागे," मावशी म्हणाल्या. मॅडमनी यादीवर काट मारली.

पण साबणाची डबी रिकामी राहिली ना! ते काही मावशींच्याने बघवेना. त्यांनी तेवढाच कागद कापला आणि चष्मेवालीला शेजारी बसवून तस्संच चित्र काढायला घेतलं. टेबल झालं, पेला झाला, ताटावर निळा रंग भरायला ब्रश बुडवला, तेवढ्यात पोरीने त्यांचं मनगट धरलं.

"मावशी, झाकण नको."

"का गं?"

"माझ्या चित्रात आई आलीये. जेवायला बसतेय."

मावशींनी निळा ब्रश धुवून टाकला. "बरं मग, सांग बाई," त्या म्हणाल्या, "ताटात काय काय वाढू?"