महिरपी चौकटीतले भाऊजी

मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः टाइप केली आणि आमच्या घरातला सर्वांत जुना जावई हातचा जाता जाता राहिला.

जावई म्हणजे माझे मौद्याचे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. मान जरा कमी पडला की ते भरल्या पंगतीतून उठतात (उठण्याआधी जेवण संपवतात, ही गोष्ट वेगळी). म्हणून निमंत्रकांमध्ये सर्वांत वर मी त्यांचं नाव महिरपी चौकटीत टाकलं. खाली 'विनीत' म्हणून माझं, तेही चौकटीत. मुलीच्या बापालाही काही मान असतो की नाही!

"अजी, प्रेसवाल्यालेच करू द्या ना," बायको म्हणाली.

"त्याले काय समजते?" मी म्हणालो.

घरच्या लॅपटॉपवर मी फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. इतवारीतल्या प्रेसवाल्याचं वेगळं. त्याने फाइल उघडताच भाऊजींची चौकट वरून सुटली आणि थेट पानाच्या तळाशी टेकली. त्याने मोबाइलवर नमुना पाठवला. मी गणपती पाहिला, मुहूर्त पाहिला आणि कळवलं, 'छापा'. पत्रिका वाटूनही झाल्या.

मग मौद्याहून फोन आला.

"काहून गा बंडू, मी लहान लेकरू होऊन राहिलो का?"

मी पत्रिका उघडली. तळाशी लिहिलं होतं, 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं! – परी, चिंटू, गोलू'. आणि गोलूच्या शेजारी, महिरपीत, सत्तरीचे भाऊजी!

"आमी दोघंही लग्नाले येत नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ताईशिवाय लग्न? लॅपटॉप काखोटीला मारून मी मौदा गाठलं.

"पाहा भाऊजी, तुमचं नाव सगळ्यात वर आहे जी."

"तुह्या मशीनवर काहीही दिसन. माह्या कॉम्प्युटरवर दाखव."

त्यांच्या कॉम्प्युटरवर तिसरंच सॉफ्टवेअर. फाइल उघडली. भाऊजी जागच्या जागी, ऐटीत. पण आता माझी चौकट घसरली आणि गोलूशेजारी जाऊन बसली. मी घाईघाईने माऊस धरला.

"हात नोको लावू," भाऊजी म्हणाले. "आता बराबर आहे. हेच छाप."

ताई तोंडाला पदर लावून हसत होती. त्यांच्याच प्रिंटरवर प्रिंट काढून मी ती मुकाट्याने प्रेसवर नेली आणि पत्रिका पुन्हा वाटल्या.

लग्नात भाऊजी फेटा बांधून दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. मी जेवायला गेलो, तर मुलांच्या पंगतीत गोलूने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.