सांगलीत ऐकू आलेलं रडणं

आईला माती दिली त्या दिवशी मी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात कांदे चिरत होते. शनिवार होता. शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये गावातली तरुण मुलंमुली यायची आणि त्यांच्यासाठी मी पोहे करायचे. आई गेल्याचं आदल्या दिवशीच कळलं होतं. सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, आई गेली गं."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी "बरं" म्हणाले.

व्हिसाची मुदत वाढवून घ्यायचा अर्ज तेव्हा अडकून पडला होता. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज रद्द झाला असता. आणि तसंही सांगलीत दुसऱ्या दिवशीच दफन करतात, माझ्यासाठी कोण थांबणार होतं? भाऊ म्हणाला, "तू हितं पोचस्तोवर सगळं उरकल्यालं असंल. फोनवर बघ. तुझी वहिनी फोन धरंल." मी त्यालाही बरं म्हणाले.

मी त्या गावात कशी पोचले ते सांगायला हवं. आमचं घर सांगलीचं. आजोबांच्या आधीपासून आम्ही ख्रिस्ती. आई दवाखान्यात परिचारिका होती, वडील मी कॉलेजात असताना वारले. मी पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात मुलींची देखभाल करायचे. तिथं असतानाच आमच्या मंडळीकडे, म्हणजे सांगलीच्या चर्चकडे, विचारणा आली की स्कॉटलंडच्या एका चर्चला तरुणांमध्ये काम करायला माणूस हवा आहे. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी मोजकी म्हातारी माणसं उरली होती. तरुण कोणी फिरकत नव्हतं. मी लग्न केलेलं नव्हतं, इंग्रजी बरं होतं, मुलींना सांभाळायची सवय होती. आमच्या चर्चच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं.

आई हसली होती. "आजपतोर त्ये गोरे लोक आपल्याला शिकवायला येत हुते. तू त्यास्नी काय शिकवणार?"

"बघू," मी म्हणाले होते.

शिकवलं फारसं काहीच नाही. पहिल्या वर्षी मी देवाचं नावसुद्धा क्वचित घेतलं. ती मुलं हॉलमध्ये यायची ती हीटर चालू असतो म्हणून, टेबल टेनिस खेळायला मिळतं म्हणून आणि बाहेर सतत पाऊस असतो म्हणून. कोणी मासे साफ करायच्या कारखान्यात लागलेलं, कोणी शाळा सोडून घरी बसलेलं. मला ताई म्हणा असं मी सांगितलं, तर ती 'टाय' म्हणायला लागली, गळ्यात बांधतात तो टाय. पोह्यांना 'पिवळं' म्हणायची. पोहे ग्लासगोहून मागवावे लागत. कढीपत्ता मिळायचा नाही.

हिवाळ्यात तिथं दुपारी तीनलाच अंधारून येतं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या आत काहीतरी सुन्न होत गेलं. दुखत काही नव्हतं. मी उठायचे, प्रार्थना करायचे, हॉल उघडायचे. प्रार्थनेतले शब्द तोंडातून बरोबर यायचे. तिथल्या म्हाताऱ्या पाळकबाईंना मी एकदा सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "इथं सगळ्यांना होतं ते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे." मी घेतल्या.

तर त्या शनिवारी मी कांदे चिरून ठेवले आणि फोन घेऊन हॉलमध्ये आले. स्वयंपाकघरात नेटवर्क मिळत नसे. हॉलच्या एका खिडकीपाशी, टेबल टेनिसच्या टेबलाजवळच काय ते मिळायचं. मी टेबलावर सॉसची बाटली ठेवली आणि तिला टेकवून फोन उभा केला. मुलं खेळत होती. मला वाटलं, एका कोपऱ्यात बसून बघून घेऊ, कोणाच्या लक्षात येणार नाही.

फोनवर सांगलीची दुपार होती. लख्ख ऊन. वहिनीचा हात हलत होता. आधी चपला दिसल्या, मग माणसांचे पाय, मग शवपेटी. पेटीला पुढून भावानं खांदा दिला होता.

"हे काय बघतेस?" एका मुलीनं विचारलं.

ही मुलगी सतरा वर्षांची. डोक्याची एक बाजू भादरलेली आणि अंगात बारा महिने एकच काळं जाकीट. सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. आजीकडे राहायची. तिची आई ती लहान असतानाच गाव सोडून गेली होती आणि पुढं फोनही उचलेनाशी झाली होती. हे मला तिनं नाही, तिच्या आजीनं सांगितलं होतं.

"माझ्या आईचं दफन आहे," मी म्हणाले.

"आत्ता?"

"हो, आत्ता."

तिनं मागं वळून सगळ्यांना गप्प केलं. कोणीतरी गाणी बंद केली. चेंडू जमिनीवर टप्पे खात भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. ती सगळी मुलं माझ्या मागं येऊन उभी राहिली. एकानं डोक्यावरची टोपी काढली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सांगलीत मंडळी गीत म्हणत होती. मीही म्हणू लागले आणि दुसऱ्या कडव्याला शब्द आठवेना झाले. मग पेटी खाली सोडली. पाळकांनी प्रार्थना केली. माणसं एकेक करून पुढं येऊन माती टाकू लागली.

"हातानं का टाकतात?" त्या मुलीनं विचारलं.

"आपल्याकडून शेवटचं. प्रत्येकानं मूठभर टाकायची असते."

"मग तू?"

"मी इथून कशी टाकू?"

ती दारातून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत चर्चच्या बागेतली काळी, ओली माती होती. तिनं माझा हात धरला, उघडला आणि माती त्यात ठेवली. माती फार गार होती. ही कुठं टाकायची हे मला सुचेना. तिनं खिडकी उघडली. बाहेर गुलाबाची झुडपं होती, पानं झडून गेलेली. फोनवर भाऊ वाकून माती टाकत होता, तेव्हा मी खिडकीतून ती माती खाली सोडली.

आणि ती मुलगी रडायला लागली. साधं नाही, मोठ्यानं, छातीतून. तिच्याबरोबर आणखी दोघीजणी रडायला लागल्या. टोपी काढलेला मुलगा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताची माती तिच्या जाकिटाला लागली. माझे डोळे कोरडे होते. मला एवढंच वाटत होतं की कांदे चिरून ठेवलेत, ते काळे पडतील.

नंतर मी पोहे केले. सगळ्यांनी खाल्ले. भांडी त्या दिवशी त्यांनी घासली.

पुढच्या वर्षी माझी सेवेची मुदत संपली आणि मी परत आले. मिरजेला स्टेशनवर भाऊ घ्यायला आला होता. घरी पोचल्यावर वहिनीनं पायांवर पाणी घातलं आणि जवळ घेतलं.

"ताई, किती रडलात हो तुम्ही त्या दिवशी. मला फोन धरवंना. सगळी मंडळी ऐकत हुती."

मला आधी समजेचना. मग समजलं. वहिनीनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. इकडं कबरीपाशी सगळ्यांना ते रडणं ऐकू गेलं होतं, आणि तो आवाज माझाच असं सगळे धरून चालले होते. मी पाय पुसून आत गेले. प्रवासानं शिणले होते.

मग आष्ट्याहून मामा भेटायला आले. तेही म्हणाले, "तुझा आवाज ऐकला आन् मला बी आवरंना, पोरी." साताऱ्याला आत्या असते. तिच्या मंडळीत तरुण संघासमोर बोलायला मला बोलावलं होतं. आत्यानं ओळख करून देताना माइकवरूनच सांगितलं की हिनं साता समुद्रापलीकडून आईसाठी टाहो फोडला. समोरची मुलं माझ्याकडं आदरानं बघत होती. मी अर्धा तास बोलले. चांगलं बोलले असावे, कारण नंतर बरेच जण हात मिळवायला आले. बोलताना मला माझाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

साताऱ्याहून परतल्यावर एका सकाळी भावाबरोबर दफनभूमीत गेले. त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान उघडायच्या आधी जाऊन येऊ म्हणाला. आईच्या कबरीवर गवत माजलं होतं. तो उकिडवा बसून उपटायला लागला, मीही बसले.

"ते रडणं माझं नव्हतं," मी म्हणाले.

"कुठलं?"

"त्या दिवशी फोनवरचं. तिथं हॉलमध्ये एक मुलगी होती, ती रडत होती. आणि आणखी दोघी."

त्याचे हात थांबले. "म्हंजे तू रडलीसच न्हाईस?"

"नाही."

"अजून बी?"

"अजून नाही."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्यानं मुठीतलं गवत बाजूला टाकलं आणि बराच वेळ मनगटानं कपाळ पुसत राहिला.

"मी बी न्हाई रडलो, ताई," तो म्हणाला. "पेटी आणायची, खड्ड्याचं बघायचं, पावण्यांचं जेवण... कवा रडायचं? तवा तुझा आवाज आला. मी म्हटलं, ताई रडतीया न्हवं, घरातलं कुणीतरी रडतंय, बास. लय बरं वाटलं हुतं मला."

आम्ही दोघांनी उरलेलं गवत उपटलं. पलीकडं रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. आईला दोन लेकरं आणि दोघांचेही डोळे कोरडे. तिच्यासाठी रडली ती परक्या गावातली पोरगी, जिनं तिला कधी पाहिलंही नव्हतं. हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट कळलं, पण कळून काही झालं नाही.

"तिची आई कुठाय?" भावानं विचारलं. मी तिच्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग गाडीवर बसताना म्हणाला, "तिला काय आवडतं खायला?" गोड, मी म्हणाले.

तासगावला त्याचा एक मित्र आहे, बेदाण्याचं शेड असलेला. त्याच्याकडून त्यानं चांगला हिरवा बेदाणा आणला आणि वहिनीनं तो डब्यात घट्ट भरून दिला. मी पार्सल केलं. पोचायला फार वेळ लागला. तिचा आवाजी निरोप आला की आजीबरोबर बसून बेदाणे खाल्ले, आजीनं अर्धे केकमध्ये घातले. मी तो भावाला ऐकवला. त्याला तिचं इंग्रजी कळलं नाही, तरी त्यानं तो पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, "हीच का ती?" मी हो म्हणाले. तो दुकानाला निघून गेला. त्या दिवशी दुपारी जेवायला आला नाही. वहिनी डबा घेऊन गेली तर शटर अर्धं ओढून आत बसला होता. डोळे लाल झाले होते, वहिनी म्हणाली.

मी परत पाचगणीला आले, जुन्याच वसतिगृहात. त्यांना माणूस हवाच होता. स्कॉटलंडला पुन्हा जायचंय का असं लोक विचारतात. मी इथली कामं सांगते. सकाळी मुलींना उठवायचं, गरम पाणी आलं का बघायचं, आजारी असेल तिला दवाखान्यात न्यायचं. कामं हातांना ठाऊक आहेत. प्रार्थनेत मी अजून बसते.

जूनमध्ये नवीन मुली आल्या. त्यांतली एक फलटणकडची, पाचवीतली. रविवारी आईवडील भेटून गेले की दुपारभर पलंगावर पालथी पडून राहायची. एका रविवारी मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. 

तिनं उशीतून तोंड वर काढलं. "बाई, तुमची आई कुठं असते?"

"वारली."

"मग तुम्हाला आठवण येत नाही?"

"अजून आली नाही," मी म्हणाले.

तिनं जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं सरकली आणि पलंगावर माझ्यापुरती जागा केली. मी बसले. चहाची घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.