तेंडोलकर बाई नीटला बसल्या

मुलुंडच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जानकी तेंडोलकर बाईंना बारावीनंतर मिरजेच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती. वडील सहदेव तेव्हा गिरणी बंद पडल्यामुळे भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन होते, आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. "इतक्या लांब चेडवाक एकट्याक कसा धाडूचा?" एवढंच म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले. जानकी भांडली नाही. बी.एस्सी. झाली, बी.एड. केलं, शाळेत लागली, लग्न झालं. पण वर्गात हृदय शिकवायची वेळ आली की घंटा वाजली तरी तिचे लाल-निळे खडू फळ्यावर चालूच.

शाळेतून बाहेर पडलेली गार्गी बारावीला गेली, तेव्हा जीवशास्त्राच्या शंका घेऊन संध्याकाळी बाईंच्या घरी यायची. एकदा सहज बोलून गेली, "बाई, मेडिकलच्या नीटला आता वयाची अट नाही. तुम्ही पण द्या ना!"

"वेडी आहेस का गं? या वयात?"

गार्गी विसरूनही गेली. बाईंच्या डोक्यातून मात्र ते जाईना. शेवटी नवऱ्याला, सिद्धेशला, त्यांनी भीत भीत सांगितलं.

"दे की," तो म्हणाला. "कोण हसतं बघू!"

मे महिन्यातल्या भर उन्हात दोघी सिद्धेशबरोबर घाटकोपरच्या केंद्रावर पोचल्या. फाटकावरच्या माणसाने बाईंना हाताने अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं, मॅडम."

बाईंनी प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "अहो, मग लवकर चला ना! कानातलं काढा."

कुड्या सिद्धेशच्या हातात देऊन बाई आत गेल्या. जीवशास्त्र त्यांनी हसत हसत सोडवलं, भौतिकशास्त्राने मात्र पार वाट लावली. तरी बाक सोडून उठावंसं वाटेना. त्या वर्गात त्यांना कोणी बाई म्हणत नव्हतं.

निकाल लागला. गार्गीला धुळ्याला जागा मिळाली. बाई पात्र ठरल्या होत्या, पण जागा मिळण्याइतके गुण कुठून येणार!

"पुढच्या वर्षी परत?" सिद्धेशने विचारलं.

"फिजिक्स काय पुढच्या वर्षी सोपं होणारे?" बाई हसल्या, आणि ताट तसंच टाकून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

गार्गीला सोडायला तिची आई माधुरी निघाली, तेव्हा गार्गीने हट्टच धरला, "बाई, तुम्ही पण चला." बाईंनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत.

वसतिगृहात सामान लागलं. गार्गी नव्या मैत्रिणींबरोबर गेली. परत निघताना बाई कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात मागे पडल्या. शवविच्छेदनाच्या दालनाचं दार अर्धवट उघडं होतं. औषधाचा उग्र वास, स्टीलची टेबलं, त्यांच्याभोवती वाकलेली पांढऱ्या कोटातली मुलं. कोणीतरी शंका विचारत होतं. उत्तर बाईंच्या ओठांवर आलं, तिथेच राहिलं.

"बाई, रिक्षा थांबलीये हो," माधुरी जिन्यावरून ओरडली. "गाडी चुकेल!"

"तू हो पुढे," बाई म्हणाल्या. "मी आलेच."

आणि त्या दाराला टेकून तिथेच उभ्या राहिल्या.